बदलीच्या कानामागे

जागपट्टी कानामागे चिकटवण्याआधी तुम्ही प्रत्येक कामगाराच्या बोटातून रक्ताचा थेंब का काढून घेत होता? आधी याचं बोला. बाकीचं मागून.

तुमचं खातं म्हणा, कंपनी म्हणा, मंडळ म्हणा. नाव मुद्दाम घेत नाही. नाव घेतलं की त्या नावाचा माणूस नेमका रजेवर निघतो. पण झोप आखडवणाऱ्या यंत्राला माणसाच्या लहानपणीच्या कांजिण्यांशी काय देणंघेणं, हे तुमच्या एकाही डॉक्टरनं कामगाराला सांगितलं नाही. थेंब घेतलात, एकाला पास म्हणालात, दुसऱ्याला नापास म्हणालात, तिसऱ्याला हाक मारलीत. तुम्हाला ठाऊक होतं. आणि ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांच्या घरांत भर दिवसा खिडक्यांना चादरी लागल्या. त्यातलं एक घर प्रमिला हावळचं.

इचलकरंजीत माग आता पूर्वीसारखे खडखडत नाहीत. सूत घेऊन ये-जा करणारा धोटा कधीच गेला. हवेच्या झोतावर सूत धावतं, आणि एक माणूस बारा मागांमधून फेऱ्या मारतो. बाकी सगळं होतं तसंच आहे. तुटलेला धागा दिसला नाही की कापड खराब, कापड खराब की शेठ खराब. म्हणून माणसाचा डोळा लागता कामा नये. त्यासाठी तुम्ही पट्टी आणलीत.

बोटाच्या पेराएवढी रुंद, कातडीच्या रंगाची, कानामागे चिकटवायची. ती पाळीच्या भोंग्याला वरूनच चालू होते आणि पाळीत, मग झोपेतही, तिथल्या नसांना बारीक बारीक ठोके देते. ठोके नसेवाटे मेंदूच्या बुडाशी पोचतात आणि तिथल्या झोपेच्या कारभाराला घाई करतात. रात्रभरात मेंदू जी धुलाई करतो ती तीन तासांत उरकते. उठल्यावर माणूस ताजा असतो. यात खोटं काही नाही, खरोखर ताजा असतो. म्हणून तर पाळी बारा तासांची सोळा तासांची झाली आणि कुणी ओरडलं नाही. उलट शहरभर गोडधोड झालं. जादा तासांचा पगार हातात पडत होता.

प्रमिला थेंबाच्या परीक्षेत पास झाली होती. तिचा धाकटा भाऊ अवधूत नापास. चोवीस वर्षांचा गडी, तालुक्याच्या कबड्डी संघात उजवा कोपरा सांभाळणारा, आयुष्यात कधी दवाखान्याची पायरी न चढलेला.

"कशात नापास, तेवढं तरी सांगा की," त्यानं तुमच्या माणसाला विचारलं होतं.

"नियम आहे," तुमचा माणूस म्हणाला. "पुढे चला."

प्रमिलानं घरी येऊन त्याची टर उडवली. "दहावीत नापास, ड्रायव्हिंगात नापास, आता रक्तात बी नापास झालास व्हय रं?"

"तू पास झालीस न्हवं? मग जाग जन्मभर," अवधूत म्हणाला. "मी झोपतो."

आता इथली एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मागावरचा माणूस रजा घेत नाही, बदली देतो. घरात लग्न असो, मयत असो, आपल्या जागी उभा राहणारा माणूस आपणच शोधायचा, त्याचं तोंड कारखान्याच्या दिवाणजीला दाखवायचं आणि मग जायचं. बदली दिला नाही तर परत येईपर्यंत आपले माग दुसऱ्याचे झालेले असतात. आजोबांच्या काळापासून हे असंच. पट्टी आली तेव्हा तुमच्या माणसानं माइकवरून बजावलं की ज्याची पट्टी त्यानंच लावायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण सोळा तासांच्या पाळीला पट्टीशिवाय कोण टिकणार? तेव्हा बदलीबरोबर पट्टीही जाऊ लागली, घरून निघताना जेवणाचा डबा द्यावा तशी. कुणाला त्यात लबाडी वाटली नाही. माग आपले, पट्टी आपली, बदली आपला.

आणि बदली कोण मिळणार? जे परीक्षेत नापास होऊन रिकामे बसले होते तेच.

प्रमिलाच्या आईचं, शेवंताबाईंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. डोळ्यांत दिवसातून अनेकदा औषध घालायचं होतं.

"आक्का, ते थेंबाचं काम माझ्याच्यानं व्हायचं न्हाई," अवधूत म्हणाला. "डोळ्यात टाकायला जाईन आणि आईच्या नाकात जाईल."

"मग मागावर हुबा राहा."

"राहतो की. पट्टी दे."

दिवाणजी बाळगोंडा पाटलांनी अवधूतला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "शिट्टी वाजली म्हणून दम सोडू नको हितं. कबड्डी न्हवं ही." झालं. बदली मंजूर.

आईचा डोळा बरा झाला. तरी अवधूत जातच राहिला, आणि प्रमिलानं त्याला परत बोलावलं नाही. त्याचं कारण तिनं कुणाला सांगितलं नसतं. तिला झोप मिळाली होती. पूर्ण, आडवी, स्वप्नं पडणारी झोप. पहिल्या रात्री ती झोपली ती दुसऱ्या दिवशी आईनं चहा गार झाल्यावर उठवलं तेव्हाच जागी झाली. स्वप्नात तिला वडील दिसले होते, बनियनवर, तंबाखू मळत बसलेले. पट्टी लावल्यापासून दोन वर्षांत ते एकदाही आले नव्हते. पट्टीच्या झोपेत स्वप्नांना जागाच नसते.

अवधूतही खूश होता. पाळी, तीन तास झोप, मग मैदान. "आक्का, दिवस लांब झालाय बघ," तो म्हणायचा. संघात त्याची पकड सुटेनाशी झाली.

मग एके सकाळी तो पाळीवरून आला तो डोक्यावर टॉवेल घेऊन. ऊन अजून चढलंही नव्हतं.

"नवरीसारखा काय आलास?" प्रमिला म्हणाली.

"खिडकी लाव."

"अरं, वारा येऊ दे की."

"आक्का, खिडकी लाव म्हणतोय न्हवं!"

तो असा कधी ओरडत नसे. तिनं खिडकी लावली. फटीतून येणारा उजेडही त्याला सोसवेना, म्हणून तिनं चादर खोचली. त्यानं डोकं भिंतीला टेकलं. "डोक्यात सगळा कारखाना चालू हाय," तो म्हणाला आणि हसायला गेला, पण ओठ नीट हलले नाहीत. दुपारी ताप चढला. तिनं पाणी पाजायला त्याची मान उचलली तर मान वाकेना. लाकडासारखी, सगळी पाठच बरोबर उचलली गेली.

शेवंताबाईंनी त्याच्या अंगावरचा शर्ट वर करून पाठ, पोट, काखा बघितल्या. "लहानपणी हेला बाया आलत्या," त्या पुटपुटल्या. "तवा प्रमिलाला चिकोडीला मामाकडं धाडलीती. सगळं नीट केलंतं मी. कडुनिंब ठेवला, फोडणी न्हाई दिली घरात. मग आता काय चुकलं?"

"आई, अंगावर एक फोड तरी दिसतोय का? कांजिण्या कुठल्या आता," प्रमिला म्हणाली आणि रिक्षा बोलवायला धावली.

दवाखान्यात डॉक्टर समीना मुजावर होत्या. तिशीच्या आतल्या, भरभर बोलणाऱ्या. त्यांनी अवधूतचा गुडघा उचलून बघितला, मान बघितली, डोळ्यांवर टॉर्च मारला तसा तो कण्हला. "मेंदूच्या आवरणाला सूज वाटतेय," त्या म्हणाल्या. "पण कशानं? पोरगा धडधाकट आहे. साखर नाही, कसली जुनी औषधं नाहीत, अंगावर पुरळ नाही. पाठीतलं पाणी काढून तपासायला लागेल."

शेवंताबाई खाटेच्या आडव्या आल्या. "पाठीत सुई? न्हाई. पाणी काढलं की माणूस लुळा पडतोय. आमच्या गल्लीतल्या शिरपतीचं काय झालं?"

"मावशी, शिरपती आजारानं लुळा पडला असेल, सुईनं नाही. मज्जारज्जू वर संपतो, सुई त्याच्या खाली जाते."

"तुमी कितीबी सांगा."

"मग मला एवढं तरी सांगा," डॉक्टर प्रमिलाकडे वळल्या. "या महिन्यात असली आणखी पोरं बघितलीत मी. सगळी तरणी, सगळी ठणठणीत. हा काय करतो? याच्या अंगाला नवीन काय लागलंय? आतलं कळलं तर औषध आत्ता सुरू करता येईल. रिपोर्टची वाट बघत बसले तर उशीर होईल."

प्रमिला सांगायला निघाली, तेवढ्यात तिची नजर दाराकडे गेली. दारात दिवाणजी उभे होते, हातात दोन शहाळी घेऊन.

"जरा बाहेर ये, प्रमिला," ते म्हणाले.

व्हरांड्यात त्यांनी शहाळी बाकावर ठेवली. "पट्टीचं नाव काढू नको. पाया पडतो."

"दिवाणजी, तिकडं त्यो मान वाकवत न्हाई."

"डेंगू असंल. व्हायरल असंल. आगं, तू बोललीस तर उद्या वरनं माणसं येतील, समद्या पट्ट्या गोळा करतील आणि निम्म्या पट्ट्या बदलीच्या कानामागं सापडतील. कारखाना बंद. तुझ्या एकटीच्या घराचा सवाल न्हाई हा. माझा महावीर बी बदलीच हाय, आपल्या मागावरच्या सुरेखाच्या पट्टीवर." त्यांचा आवाज खाली आला. "त्यो बी थेंबात नापास झालेला."

"महावीरचं डोकं दुखतंय का?"

दिवाणजींनी शहाळी उचलून पुन्हा बाकावर ठेवली. "तरण्या पोराचं डोकं दुखतंयच की अधनंमधनं."

पास-नापास आणि आईनं सांगितलेल्या बाया, दोन्ही मनात जुळवत प्रमिला आत गेली. आईच्या, नर्सच्या, शेजारच्या खाटेवरच्या पाहुण्यांच्या देखत, मोठ्यानं म्हणाली, "डॉक्टर, हेच्या कानामागं जागपट्टी होती. माझी. मी दिली. मी पास होते, ह्यो नापास होता. लहानपणी हेला कांजिण्या आलत्या, मला कधीच आल्या न्हाईत."

डॉक्टर मुजावरांनी अवधूतचा कान पुढे वाकवून बघितला. मग नर्सला म्हणाल्या, "अॅसायक्लोव्हिर काढ. शिरेतून. आत्ता." आणि शेवंताबाईंना हाताला धरून स्टुलावर बसवलं. "मावशी, आता ऐका. कांजिण्या बऱ्या होतात, पण त्यांचा विषाणू अंगातून जात नाही. तो नसांच्या गाठींमध्ये दडून बसतो. मणक्याशेजारी, कानामागे, तोंडाच्या नसेच्या मुळाशी. शरीराचे पहारेकरी त्याला तिथंच कोंडून ठेवतात. म्हातारपणी पहारा ढिला पडला की तो नसेवरून चालत कातडीपर्यंत येतो. त्याला तुम्ही नागीण म्हणता."

"नागीण म्हाताऱ्यास्नी होती. ह्यो चोवीसचा हाय."

"पहारेकरी ताजेतवाने होतात गाढ झोपेत. ती झोप तर कापली गेली. आणि हा जिथं कोंडला होता, बरोबर त्याच दारावर रोज तास न् तास ठोके. जागा होणार नाही तर काय? फक्त हा बाहेर कातडीकडे आला नाही, आत गेला. मेंदूवरच्या आवरणात. म्हणून अंगावर फोड नाही, आणि म्हणून आम्ही सगळे आंधळे. माझा अंदाज आहे हा. पाठीतलं पाणी सांगेल खरं-खोटं."

शेवंताबाईंनी बराच वेळ अवधूतच्या तळव्यांवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "काढा पाणी. मी तोंड तिकडं करते."

पाण्यात तोच विषाणू निघाला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर राऊंडला आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "एक कळत नाही," त्या प्रमिलाला म्हणाल्या. "ही पट्टी म्हणे एकाच माणसाच्या नसेला जुळवलेली असते. तुमची पट्टी याला लागली कशी?"

"जुळवून घेती की. पहिल्यांदा जरा वेळ लाल दिवा लुकलुकतोय, मग हिरवा होतोय. समद्या बदलींचं तसंच हाय."

"म्हणजे माणूस बदलला हे तिला कळतं?"

"कळत असणार. त्याबिगार नव्यानं जुळवून कशी घेईल?"

"आणि पट्टी रोजचं सगळं वर पाठवते. कोण किती झोपलं, किती जागलं."

प्रमिलाला आधी काहीच वाटलं नाही. मग तिनं हिशोब लावला. शहरातल्या प्रत्येक बदलीच्या कानामागे दिवा हिरवा होत होता, आणि दर वेळी कुठंतरी पडद्यावर ते दिसत होतं. कुणीतरी ते बघितलं होतं. बघून कापडाचे आकडे बघितले होते, आणि चहा मागवला होता.

अवधूत वाचला. मान वाकू लागली, ताप उतरला, उजेड सोसू लागला. पण तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली ती तशीच राहिली. चहा पिताना तो कोपऱ्यातून गळायचा आणि शेवंताबाई पदरानं टिपायच्या. उजवा डोळा मिटत नव्हता, त्यात आता प्रमिला थेंब घालायची.

"बघ आक्का," तो अर्ध्या तोंडानं म्हणाला, "तू किती झ्याक टाकतीस. मी टाकला असता तर नाकात गेला असता."

ती हसली नाही. "मी तुला परत बोलवाय पायजे होतं. आईचा डोळा बरा झाला तवाच. झोप ग्वाड लागली मला."

"मला बी दिवस लांब झालेला आवडत होता," तो म्हणाला. "महावीर कसा हाय?"

तिला ठाऊक नव्हतं. कारखान्यातलं कुणी तिच्याशी बोलत नव्हतं. कांड्यांवर सूत भरत बसलेल्या जिच्या मांडीवर डोकं ठेवून ती मोठी झाली त्या सुरेखानं भाजी घेताना तोंड फिरवलं. गल्लीत कुणीतरी म्हणालं, भाऊ वाचवला आणि गाव विकलं. कारण डॉक्टरांनी वर कळवलं होतं आणि तुमची माणसं येणार अशी आवई उठली होती.

तुमची माणसं आली. एकच आला खरं तर, पांढऱ्या गाडीतून, इस्त्रीचा शर्ट घालून. संध्याकाळच्या पाळीआधी कारखान्याच्या अंगणात सगळ्यांना गोळा केलं. प्रमिला फाटकातून आत शिरली आणि थबकली.

मावळतीचं ऊन अंगणात तिरपं पडलं होतं. नेहमी या वेळी पोरं भिंतीवर चढून बसतात, तोंडं उन्हाकडे, चहाचे ग्लास हातात. आज सगळी उन्हाकडे पाठ करून उभी होती. एकानं डोक्यावर टॉवेल घेतला होता. दुसऱ्यानं रुमाल. सुरेखाच्या शेजारची पोरगी दोन्ही हातांनी कपाळ दाबत होती. दिवाणजींचा महावीर पायरीवर बसला होता, गुडघ्यांत डोकं घालून, बापाचा गमछा पांघरून. कुणीच कुणाला काही विचारत नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, आपलंच डोकं आहे, दुखायचंच.

साहेब बोलायला लागले. नियमांचा भंग झाला आहे. ज्याची पट्टी त्यानंच वापरायची असं स्पष्ट सांगितलं होतं. अवधूत हावळच्या आजारपणाला त्याची बहीण जबाबदार आहे. मंडळ सहानुभूतीनं विचार करेल. चौकशी समिती नेमली आहे.

"साहेब," प्रमिला म्हणाली, "थेंब कशाला घेत होता?"

"तो वैद्यकीय निकष होता."

"कशाचा निकष? कांजिण्या आलेल्याला पट्टी दिली तर काय हुतं, हे ठावं होतं म्हणूनच न्हवं? मग नापास झालेल्या एकाला तरी सांगितलं का, की बाबा, चुकून बी लावू नको, मरशील?"

"लोकांत उगाच घबराट—"

"आणि दिवा हिरवा झाला तवा? माणूस बदललाय हे तुमच्या यंत्राला कळलं. यंत्रानं तुम्हाला कळवलं. तुम्ही कुणाला कळवलं?"

साहेबांनी घाम पुसला. "ती माहिती तांत्रिक विभागाकडे जाते. माझ्याकडे नाही. समितीचा अहवाल येऊ दे."

"अहवाल कवा येणार?"

"योग्य वेळी."

गर्दीतून सुरेखा पुढे आली. प्रमिलाला वाटलं, आता ही शिव्या देणार. पण ती प्रमिलाशेजारी उभी राहिली आणि पायरीकडे बोट करून साहेबांना म्हणाली, "त्या पोराच्या कानामागं माझी पट्टी हाय. काढ म्हणतेय तर काढंना. म्हणतोय, काढली की डोकं जास्त दुखतंय."

दिवाणजी भिंतीपाशी उभे होते. पाळीच्या भोंग्याचं बटण तिथंच आहे, आणि त्यांचा हात सवयीनं त्यावर गेलेला. इतक्या वर्षांत भोंगा एकदाही चुकला नव्हता. त्यांनी लेकाकडे बघितलं.

"साहेब," प्रमिला म्हणाली. तिचा आवाज आता चढलेला नव्हता, आणि त्यामुळे अंगणातला प्रत्येक जण ऐकत होता. "समिती राहू दे. माझ्यावर केस करायची ती करा, मी कुठं पळून जात न्हाई. ह्या पट्ट्या वरनं चालू हुत्यात, वरनंच बंद हुत्यात. आता भोंगा होईल. ही समदी पोरं आत जातील आणि समद्यांच्या कानामागं ठोके सुरू होतील. हितं, आणि शहरातल्या सगळ्या कारखान्यांत. हेंच्यातल्या कुणाकुणाला कांजिण्या येऊन गेल्यात हे तुमच्याकडं लिवलेलं हाय, आमच्याकडं न्हाई. बंद करायचं बटण कुणाच्या हातात हाय, त्याचं नाव सांगा. त्येला आत्ता फोन लावा, आमच्या म्होरं. आणि विचारा, आज पट्ट्या बंद करणार का न्हाई? हो म्हणतोय का न्हाई म्हणतोय, तेवढंच आम्हाला पायजे. बोला, साहेब. भोंगा व्हायच्या आत बोला."